सात नंबर कुणी हलवला

आमच्या लॅबच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. 'हाताने काहीही बदललं तर त्याच मिनिटाला वहीत लिहायचं. नंतर लिहितो म्हणायचं नाही.' अक्षर माझं आहे. खाली दोन रेघा ओढल्यात, त्याही माझ्याच. मला राग आला की मी भांडत नाही, कागद चिकटवतो. घोडेगावच्या घरी गिझरजवळ एक आहे, मोटारसायकलच्या किल्लीजवळ एक आहे. पप्पा म्हणतात, याच्या लग्नात पत्रिकेऐवजी सूचनाच वाटाव्या लागतील.

घोडेगावात आमचं कापडाचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. गिऱ्हाईक पप्पांना विचारतात, मुलगा काय करतो? पप्पा सांगतात, पुण्याला कंप्युटर दुरुस्त करतो. तसं ते खोटं नाही. आमच्या लॅबमध्ये क्वांटम प्रोसेसर आहे. चिप नखाएवढी, आणि तिला थंड ठेवणारा फ्रिज माणसापेक्षा उंच. चिपवर सतरा क्यूबिट आहेत. क्यूबिट म्हणजे माहिती धरून ठेवणारा तुकडा, पण इतका नाजूक की आपली पापणी लवेपर्यंत त्याचं हजारदा विसरून झालेलं असतं. म्हणून एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही, सतरा जणांची टोळी करायची. नऊ जण माहिती धरतात आणि आठ जण पहारा देतात. पहारेकरी शेजाऱ्यांना सारखे विचारत राहतात, तुमच्यात काही बिनसलं का? त्यांच्या उत्तरांवरून चूक कुठे झाली ते शोधायचं आणि सुधारायचं. याला एरर करेक्शन म्हणतात. टोळीतल्या सगळ्यात चांगल्या गड्यापेक्षा टोळी जास्त टिकली तर आम्ही जिंकलो. नाही टिकली तर सतरा कच्च्यांची मोट बांधली, एवढंच.

त्यासाठी रोज जुळवणी करावी लागते. प्रत्येक क्यूबिटची फ्रिक्वेन्सी वेगळी, रेडिओच्या स्टेशनसारखी. ती आपोआप थोडी सरकते. मग सकाळी एकेकाला विचारायचं, बाबा रे, आज तू कुठे आहेस? एकाला ताळ्यावर आणलं की शेजारचा रुसतो. त्याची समजूत काढली की तिसरा. बारा वर्षं मी हेच करतोय आणि मला त्यातलं कळतं असा माझा समज आहे. खरं सांगायचं तर गर्व आहे.

या कामात माझ्या हाताखाली एक मुलगी होती. येडगावची, शेतकरी घरातली. मी अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलो, त्यानंतर काही वर्षांनी तीही तिथेच शिकली. हे कळल्यावर ती मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणायला लागली. तिचं डोकं शांत, हात हलका, माझ्या अगदी उलट. रुसलेला क्यूबिट मी धाकाने सरळ करायला बघतो, ती त्याच्याशी तासभर गप्पा मारल्यासारखी बसून राहते आणि तो सरळ होतो. तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची होती. माझी पक्की. आणि येणारी मोठी चिप माझ्याकडे सोपवायची असं लॅबचे प्रमुख असलेले आमचे सर दोन-तीनदा बोलून गेले होते.

गेल्या पर्युषणाच्या आदल्या दिवशीची, शुक्रवारची गोष्ट. पर्युषण म्हणजे आम्हा जैनांचे उपासाचे आठ दिवस. शेवटचा संवत्सरीचा, क्षमा मागण्याचा. त्या आठ दिवसांसाठी मी घोडेगावला जाणार होतो आणि गणपतीसाठी तीही आठवडाभर येडगावहून काम करणार होती. लॅबचं काम लॅपटॉपवरून घरबसल्या करता येतं. शनिवारपासून चार दिवसांची सलग मोजणी लावायची होती, कारण त्यानंतर दुरुस्तीसाठी फ्रिज गरम करायचा ठरला होता. फ्रिज एकदा गरम केला की परत थंड करून चिप वळणावर आणायला महिना जातो. वर्षभराचा अहवाल त्या चार दिवसांवर अवलंबून होता.

दिवसभर सात नंबरच्या क्यूबिटने छळलं. चिपच्या पदार्थात कुठेतरी दोष होता, तो अधूनमधून सातच्या फ्रिक्वेन्सीजवळ यायचा आणि त्याची ऊर्जा पिऊन टाकायचा. दुपारी तीनला मी सातला थोडा सरकवून पाहिलं, पटलं नाही, परत जागेवर ठेवला आणि वहीत लिहिलं. चारच्या सुमारास तिने शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या सगळ्या जोड्या तपासून घेतल्या. पाचला ती बस पकडायला पळाली.

चातुर्मासात मी चौविहार पाळतो. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणीही नाही. लॅबमधले सगळे मला यावरून चिडवतात. सहा वाजले की हा डब्याकडे पळत सुटतो, म्हणतात. त्या दिवशी सहाला मी डबा टेबलावर काढून ठेवला आणि सहज शेवटचं म्हणून पडद्याकडे पाहिलं, तर सात पुन्हा घसरलेला. डोकं फिरलं. मी सातला अठरा मेगाहर्ट्झ खाली नेला. लगेच सुधारला. वही दुसऱ्या खोलीत होती आणि सूर्य माझ्यासाठी थांबणार नव्हता. मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला, जेवून झालं की लिहू म्हटलं, आणि डबा उघडला. जेवलो, भांडी धुतली, बॅग उचलली, गाडी पकडली.

ही सगळी हकिकत आज मी अशी घडाघडा सांगतोय. पण पुढचे सहा दिवस यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं. लोकांना हे खरं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं.

शनिवारी सकाळी तिने येडगावहून नेहमीची जुळवणी केली. एकेकटे सगळे क्यूबिट उत्तम निघाले, सातसुद्धा. जोड्या आदल्या दिवशी तपासल्या होत्या आणि त्यानंतर वहीत बदलाची नोंद नव्हती, म्हणून त्या पुन्हा तपासायचं कारण नव्हतं. तिने मोजणी लावली. रविवारी पहारेकऱ्यांची उत्तरं वेडीवाकडी यायला लागली, सोमवारी आणखी, पण सलग मोजणी मध्येच तोडायची नाही असं ठरलं होतं. मंगळवारी चार दिवस संपले तेव्हा टोळी सगळ्यात वाईट गड्यापेक्षाही लवकर कोसळत होती. सरांनी लॉग उघडला. लॉग म्हणजे यंत्र स्वतः ठेवतं ती नोंद, कोणत्या लॉगिनने कधी काय बदललं याची. त्यात होतं: शुक्रवार, संध्याकाळी सहा बारा, सात नंबर अठरा मेगाहर्ट्झ खाली. लॉगिन तिचं.

सात खाली गेल्याने अकरा नंबरच्या अगदी शेजारी येऊन बसला होता. दोघं एकमेकांचं बोलणं ऐकत होते आणि त्यांच्या जोडीचं काम नासलं होतं. चार दिवस पाण्यात.

मंगळवारी दुपारी ऑनलाइन मीटिंग झाली. मी दुकानाच्या वरच्या खोलीत लॅपटॉप लावून बसलो होतो. पडद्यावर सर होते, लॅबमधले आणखी तिघं होते, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत ती.

"सहा बाराला मी बसमध्ये होते, सर," ती म्हणाली. "राजगुरुनगरच्या अलीकडे."

"बसमधून तू मोबाईलवर ग्राफ बघतेस," सर म्हणाले. "मीच तुला कितीदा हटकलंय. त्या दिवशी उघडला होतास की नाही?"

ती म्हणाली, "उघडला होता. पण बघितला फक्त. काही बदललं नाही."

सरांनी मला विचारलं. मी सांगितलं की दुपारी तीनला मी सातला हात लावला होता, पण परत ठेवला होता, आणि त्याची नोंद माझ्या लॉगिनवर आहे. होतीच. ती दाखवताना मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. वरून मी म्हणालो, "लॉगला कुणाशी वैर नसतं. त्यात आहे ते आहे. वहीचा नियम कशासाठी केला होता?"

"दादा, मी खरंच नाही केलं," ती म्हणाली.

"मग यंत्राने स्वतःच केलं असेल," मी म्हणालो. कुणीतरी हसलं.

सरांनी तिचं लॉगिन बंद केलं. तिचा करार त्याच महिन्यात संपत होता. पुढे ठेवायचं की नाही ते सोमवारी कळवतो, म्हणाले. तिची चौकट काळी झाली.

माझ्या मनात तेव्हा शंका होती का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारलाय. नव्हती. राग होता. वर्षभराचा अहवाल अडकला म्हणून राग, ती कबूल करत नाही म्हणून राग. रागात माणूस फार स्वच्छ झोपतो.

गुरुवारी पर्युषणाचा सहावा दिवस. आईचा आठ दिवसांचा उपास चालू होता, फक्त उकळलेल्या पाण्यावर. तिला बसवत नव्हतं तरी नातेवाइकांना पाठवायला तिचा फोटो हवा, असा मावशीचा आग्रह. दुपारी मी मोबाईलमध्ये फोटो शोधत मागे मागे सरकवत होतो. आई, आई, जैन स्थानकातल्या प्रवचनाची गर्दी, दुकानाचा नवा बोर्ड. आणि त्याच्यामागे लॅबच्या पडद्याचा फोटो.

पडद्यावर सातची रेघ होती, खाली नेल्यानंतरची. कोपऱ्यात माझ्या डब्याचं झाकण. मी फोटोची वेळ पाहिली. शुक्रवार, सहा तेरा.

मी जिन्यात बसलो. पडद्याच्या वरच्या कडेला लॉगिनचं नाव दिसत होतं आणि ते तिचं होतं. पाचला जाताना ती लॉगआउट करायला विसरली होती. मी तिच्या उघड्या लॉगिनवर काम केलं होतं. बाहेर पडून माझं उघडायचं तर पासवर्ड, मग मोबाईलवर येणारा कोड, चार-पाच मिनिटं गेली असती. एवढा वेळ माझ्याकडे नव्हता, मला जेवायचं होतं. सगळं एका झटक्यात आठवलं, त्या दिवशीची मटकीची उसळसुद्धा.

आईने आतून विचारलं, "सापडला का रे?"

"सापडला," मी म्हणालो.

त्याच क्षणी सरांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. पायऱ्या उतरून दुकानात गेलो आणि दोन तास कापडाचे तागे लावत बसलो. पप्पांना आश्चर्य वाटलं. माझं डोकं मात्र एखाद्या वकिलासारखं चाललं होतं. फोटो पुसला तर? पुसला नाही, पण तसा विचार केला. लॉगिन उघडं तिनेच टाकलं, म्हणजे अर्धी चूक तिची नाही का? करार वाढला नाही तरी ती हुशार आहे, तिला दुसरीकडे मिळेल. माझं मात्र हसं होईल. भिंतीवर कागद लावणारा मी. 'यंत्राने स्वतःच केलं असेल' म्हणणारा मी. आणि मोठी चिप. ती तर गेलीच. असल्या विचारांची मला आजही लाज वाटते, पण ते माझेच होते, दुसऱ्या कुणाचे नव्हते.

शुक्रवारी गणपती बसले. समोरच्या चौकात स्पीकर लागला. मी तीनदा सरांचा नंबर काढला आणि तीनदा मोबाईल खिशात ठेवला. पहिल्यांदा वाटलं, सण आहे, आज कशाला. दुसऱ्यांदा वाटलं, नीट मुद्दे लिहून काढू. तिसऱ्यांदा काही वाटलंच नाही, नुसतीच भीती.

शनिवारी संवत्सरी. त्या दिवशी आमच्याकडे लहानथोर सगळे उपास करतात आणि संध्याकाळी स्थानकात जाऊन प्रतिक्रमण करतात, म्हणजे वर्षभरातल्या चुका आठवून त्यातून मागे फिरायचं. ते संपलं की सगळे उठून एकमेकांसमोर हात जोडतात. खमतखामणा, खमतखामणा. कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. आजोबा नातवाला म्हणतो, मालक नोकराला म्हणतो. मी लहानपणापासून म्हणतोय. त्या दिवशी साठ-सत्तर लोकांना म्हटलं असेल, आणि तेवढ्याच लोकांनी मला क्षमा केली.

स्थानकाच्या पायरीवर उभं राहून मी दरवर्षीप्रमाणे लॅबच्या ग्रुपवरही तेच टाकलं. 'गेल्या वर्षभरात कळत नकळत माझ्या बोलण्या-वागण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर मनापासून क्षमा मागतो.' हात जोडल्याचं चित्र. पाठवताना माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मला वाटलं, चला, तिलाही मागून झाली.

सरांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. दोघांनी हात जोडले. मग तिचं उत्तर आलं. मंगळवारपासून ती ग्रुपवर एक शब्द बोलली नव्हती.

'माफ केलं दादा. माझंही काही चुकलं असेल तर माफ करा.'

मी ते तिथेच वाचलं. मोबाईल घाईघाईने खिशात टाकला.

घरी चालत येताना मी पप्पांना विचारलं, "मोबाईलवर मागितलेली क्षमा चालते का हो?"

"कुणाची?"

"ग्रुपवर. सगळ्यांची मिळून."

पप्पा दिवसभर पाण्याशिवाय होते, त्यांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "गावजेवण घातलंस म्हण की. ज्याला खरंच वाढायचं होतं तो जेवला का, ते बघितलंस का?"

त्यांना काही माहीत नव्हतं. ते असं बोलतातच. पण मला वाटलं, यांनी माझ्या खिशातला मोबाईल पाहिलाय.

रविवारी सकाळी आईचं पारणं झालं, म्हणजे उपास सुटला. नातेवाइकांनी घर भरलं. मी दोन घास खाल्ले आणि पप्पांची मोटारसायकल काढली. फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर मी काय करीन ते मला ठाऊक होतं. 'कम्युनिकेशनमध्ये गडबड झाली' असलं काहीतरी इंग्रजी बोलून मोकळा झालो असतो. मंचरला हायवेला लागलो, कळंब मागे टाकलं, नारायणगावातून येडगावच्या रस्त्याला वळलो. वाटेत दोनदा थांबलो. एकदा पेट्रोलला आणि एकदा काहीच कारण नसताना.

धरण भरलं होतं. तिचं घर पाण्यापासून जरा वर, शेताच्या कडेला. ओट्यावर तिची आई झेंडूच्या ढिगापुढे बसून हार ओवत होती. आतल्या खोलीत गणपती दिसत होता. मी नाव सांगितलं.

"या पावणं, बसा," ती माऊली म्हणाली. "तुमचंच नाव घेती ती कायम. लई शिकवलं म्हणती दादांनी. पर आता चार दिस झालं, धड बोलत न्हाई का जेवत न्हाई. कामाचं कायतरी व्हतं म्हणं. तुमीच सांगा दोन शब्द समजावून."

मी पाणी घेतलं. ते तसंच ओट्यावर ठेवलं.

ती मागच्या दारातून आली. हात मातीचे होते. मला पाहून चेहऱ्यावर आधी भीती आली. मी काहीतरी आणखी वाईट सांगायला आलोय असं तिला वाटलं असणार.

मी मोबाईल तिच्यापुढे धरला. वाक्यं ठरवून आलो होतो, त्यातलं एकही आलं नाही. "सात मी हलवला होता," मी म्हणालो. "शुक्रवारी. तुझं लॉगिन उघडं होतं, त्याच्यावर. वहीत लिहिलं नाही. मंगळवारी मला आठवत नव्हतं. गुरुवारी हा फोटो सापडला. गुरुवारपासून मला माहीत आहे."

तिने हात पदराला... पदर नव्हता, ओढणी होती, तिला पुसले आणि मोबाईल घेतला. फोटो मोठा केला.

"अठराच का नेला?" तिने विचारलं.

"तिथे तो लगेच सुधारला."

"आणि सरळ अकराच्या अंगावर गेला."

"हो."

"आणि जोडी मी आधीच तपासून ठेवलेली." ती स्वतःशीच बोलत होती. "म्हणून एकेकटे चांगले दिसत होते." आधी तिने तो प्रश्न सोडवला. मी माणूस म्हणून समोर उभा होतो हे नंतर तिच्या लक्षात आलं. तिने वर पाहिलं. "गुरुवारी सापडला?"

"हो."

"आज रविवार आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"सरांना फोन लावा," ती म्हणाली. "इथंच. स्पीकरवर."

मी लावला. तिची आई हार तसाच मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी उचलला तेव्हा मागून आरतीचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, गुरुवारपासून गप्प बसलो हेही सांगितलं, कारण ती माझ्याकडे बघत होती.

"तू तिच्या घरी आहेस?" सर म्हणाले.

"हो सर. स्पीकरवर आहे. ती ऐकतेय."

"मग मला एक सांगा," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वेगळाच झाला. "तिने आज सकाळी मला मेल का केला?"

"कसला मेल?"

सरांनी तो वाचून दाखवला. तिने थांबा म्हटलं, पण ते वाचत राहिले. 'बसमध्ये ग्राफ पाहताना माझं बोट लागून आकडा बदलला असावा. मला आठवत नाही, पण दुसरं कुणी करण्याची शक्यता नाही. चूक माझीच आहे. दादांचे आणि सगळ्यांचे कष्ट वाया गेले याबद्दल क्षमा मागते. करार वाढवू नये, माझी हरकत नाही.'

तिच्या आईने हातातलं फूल खाली ठेवलं.

"अगं, तू केलं न्हवतंस," आई म्हणाली. "मग लिवलंस कशाला?"

"मला वाटायला लागलं व्हतं," ती म्हणाली. इतका वेळ लॅबमधलं बोलणारी ती आता घरचं बोलत होती. "लॉग म्हणतो, सर म्हणतात, दादा म्हणतात. दादा कशाला खोटं बोलतील? रोज रात्री पडल्या पडल्या ती बस आठवायची. पहिल्या दिवशी नुसता ग्राफ बघितला असं आठवायचं. मग बोट लागलं असं आठवायला लागलं. काल तर मला नीट दिसत व्हतं, बोट लागताना."

मला रडू आलं. परक्या घरी, तिच्या आईसमोर. मी सातची फ्रिक्वेन्सी हलवली होती ती परत जागेवर आणता येत होती, पाच मिनिटांचं काम. हे मी काय हलवून ठेवलं होतं?

सरांनी तिची माफी मागितली. लॉगिन तासाभरात उघडतो, करार वाढणार, म्हणाले. माझ्याशी उद्या समोर बोलतो, म्हणाले, आणि फोन ठेवला. त्या समोरच्या बोलण्यात मोठी चिप माझ्या हातून गेली. ते बरोबरच झालं, पण इथे तो मुद्दा नाही.

आई उठून आत गेली. मी डोळे पुसले आणि तिच्यापुढे हात जोडले. खमतखामणा म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हाताने थांबवलं.

"थांबा," ती म्हणाली. ओट्याच्या कडेवरचा तिचा मोबाईल तिने घेतला. मला वाटलं, कुणाला तरी फोन करतेय. तिने लॅबचा ग्रुप उघडला, काल संध्याकाळपर्यंत वर गेली आणि स्वतःच्या उत्तरावर बोट दाबून धरलं.

"काल मी माफ केलं म्हणाले ते मला माहीत नव्हतं कशाबद्दल," ती म्हणाली. "ते मी परत घेते."

माझ्या खिशात मोबाईल थरथरला नाही, काही झालं नाही. नारायणगावला चहाला थांबलो तेव्हा मी ग्रुप उघडून पाहिला. माझ्या लांबलचक क्षमेच्या खाली, सरांच्या अंगठ्याच्या खाली, तिच्या नावापुढे एक करडी ओळ होती: हा मेसेज डिलीट केला आहे.

आम्ही आजही एकाच खोलीत काम करतो. ती मला दादाच म्हणते, आकडे विचारते, डब्यातलं लोणचंही मागते. फ्रिज परत थंड झाल्यावर टोळी एकट्यापेक्षा जास्त टिकली आणि तो ग्राफ तिने आधी मला दाखवला. पण त्या करड्या ओळीच्या जागी तिने अजून दुसरं काही लिहिलेलं नाही. मी अधूनमधून वर जाऊन बघतो.